पाऊस ओसरल्यावरचं मावळ

मावळात पाऊस संपल्याची पहिली खबर गोधड्या देतात. भाद्रपदाच्या शेवटी कधीतरी सलग दोन-तीन दिवस लख्ख ऊन पडतं आणि चार महिने कोंदट वास धरून बसलेल्या गोधड्या, सतरंज्या, वाकळा घराबाहेर निघतात. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुणं झालंच पाहिजे, असा इथला शिरस्ता आहे. मग इंद्रायणी, पवना, आंद्रा या नद्यांच्या काठचे खडक आणि धरणांच्या कडा रंगीबेरंगी कापडांनी भरून जातात. ज्या घरात वॉशिंग मशीन आलं आहे, तिथेही गोधडी नदीवरच जाते. भिजलेल्या गोधडीचं वजन पेलायला मशीनपेक्षा दोन बायका बऱ्या.

हा आटापिटा समजून घ्यायचा तर पावसाचे आकडे पाहावे लागतात. समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, अगदी घाटमाथ्यावर बसलेल्या लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून लोकलने दीड तासात गाठता येणाऱ्या पुण्यात तोच आकडा साधारण सातशेवर येतो. या दोन टोकांच्या मध्ये मावळ तालुका पसरला आहे. पश्चिमेला ढगांनी वेढलेली गावं, मधे नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ ही भाताची खोरी, आणि पूर्वेला तळेगाव दाभाड्याकडे हळूहळू सपाट होत जाणारी जमीन. पश्चिमेकडच्या घरांना जून ते सप्टेंबर हा काळ जवळजवळ कोंडून घेतल्यासारखा जातो. भिंतींना ओल, मिठाला पाणी, काडेपेटीला बुरशी. त्यामुळे इथला शरद म्हणजे मुख्यतः बाहेर पडण्याचा ऋतू. नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी हे सण महाराष्ट्रभर तेच असले, तरी मावळात त्यांच्यावर या सुटकेचा शिक्का आहे.

या दिवसांत मावळातलं घर एकाच वेळी दोन कालगणना सांभाळत असतं. सण चंद्रावर चालतात आणि शेती सूर्यावर. शेतकरी ज्यांना ‘नक्षत्रं’ म्हणतो ती पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे याचा हिशेब. त्यामुळे त्यांच्या तारखा इंग्रजी महिन्यांशी जवळपास पक्क्या बसतात. हस्त सत्तावीस सप्टेंबरच्या आसपास लागतो, चित्रा दहा-अकरा ऑक्टोबरला, स्वाती तेवीस-चोवीसला. उलट चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. ते मागे मागे सरकत जातं आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येऊन त्याला पुन्हा पुढे ढकलतो. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरवर गेलं. भाताला अधिक मासाशी देणंघेणं नसतं. तो आपल्या वेळेला पिवळा पडतो. म्हणून एखाद्या वर्षी मावळातली दिवाळी भात कापून, झोडून, मोकळ्या मनाने होते, तर एखाद्या वर्षी करंज्या तळता तळता बाईला खाचरात जाऊन विळा धरावा लागतो. ‘औंदा दिवाळी लवकर आली’ ही तक्रार शहरात बोनसच्या संदर्भात ऐकू येते. इथे ती कापणीच्या संदर्भात असते.

मुलींच्या खेळातही ही दुहेरी मोजणी दिसते. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरण्याच्या खेळाची दोन रूपं पुणे परिसरात आहेत. भोंडला नवरात्रातला, म्हणजे चंद्राच्या तिथीवर चालणारा. हादगा सूर्य हस्तात शिरला की सुरू होतो आणि सोळा दिवस चालतो, म्हणजे तो सूर्याचा. हस्त नक्षत्राचा पाऊस तो हत्तीचा पाऊस, म्हणून पाटावर हत्ती. परतीच्या वाटेवर असलेला हा पाऊस दुपारी ऊन तापल्यावर ढग जमवतो आणि संध्याकाळी गडगडाट करत कोसळतो. आषाढातल्या संततधारेसारखी त्याची चाल नसते. शहरांत भोंडला सोसायटीच्या हॉलमध्ये गेला आहे आणि हादग्याची सोळा दिवसांची माळ बहुतेक ठिकाणी तुटली आहे. खिरापत ओळखण्याचा खेळ मात्र दोन्हीकडे टिकून आहे. डबा हलवून आवाजावरून आतला पदार्थ ओळखायचा, आणि नेमका त्याच दिवशी आईने आवाज न करणारा पदार्थ केलेला असायचा.

घट बसतात तेव्हा मावळातला भात कुठे असतो? लवकर येणाऱ्या हळव्या जाती दाणा भरत आलेल्या असतात. गरव्या जाती नुकत्या निसवलेल्या, म्हणजे लोंबी बाहेर आलेल्या असतात. खाचरात पाणी उभं असतं. अशा वेळी देवघरात पत्रावळीवर किंवा टोपलीत वावरातली माती पसरून तिच्यात गहू, ज्वारी आणि इतर धान्य पेरतात, मधे पाण्याचा घट ठेवतात आणि रोज एक फुलांची माळ वर सोडतात. नऊ दिवसांत घटाभोवती वीतभर उंचीचे पिवळेधमक कोंब उभे राहतात. त्यांचा पिवळेपणा पुष्कळांना देवीचा प्रसाद वाटतो. त्यामागचं कारण साधं आहे: अंधाऱ्या देवघरात, एका नंदादीपाच्या उजेडात, कोंबांना हरितद्रव्य तयार करता येत नाही. उजेड शोधत ते बियाण्यातल्या साठ्यावर भराभर उंच वाढतात आणि फिकट राहतात. हेच कोंब दसऱ्याला टोपीत आणि वेणीत खोवतात.

घटस्थापना म्हणजे रब्बीच्या बियाण्याची उगवण-चाचणी, असं अलीकडे हौसेने सांगितलं जातं. कल्पना गोड आहे, आणि सोलापूर-नगरच्या ज्वारीच्या पट्ट्यात ती पटण्यासारखीही आहे, कारण तिथे रब्बी ज्वारीची पेरणी याच दिवसांत होते. मावळात मात्र घट बसतो तेव्हा पेरायला रिकामी जमीनच नसते. खाचर मोकळं व्हायला अजून महिना-दीड महिना असतो. तेव्हा ही चाचणी मावळच्या शेतकऱ्याने स्वतःच्या गरजेतून काढली असेल असं वाटत नाही. देशावरची रीत घाटमाथ्यापर्यंत पोचली असावी, एवढंच म्हणणं सुरक्षित.

नवरात्रात मावळातली सगळ्यात मोठी गर्दी कार्ल्याच्या डोंगरावर होते. एकवीरा ही कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेक समाजांची कुलदेवता. तिची मुख्य यात्रा चैत्रात असते, पण नवरात्रातही मुंबई, ठाणे, रायगडहून गाड्याच्या गाड्या येतात. देवीचं देऊळ उभं आहे ते थेट बौद्ध चैत्यगृहाच्या दाराशी. हे चैत्यगृह भारतातल्या सर्वांत मोठ्या चैत्यांपैकी एक, सुमारे पंचेचाळीस मीटर लांब, आणि त्याच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून शाबूत आहेत. रांगेतल्या बहुतेकांचं लक्ष देवीकडे असतं, आणि ते साहजिकच आहे. पण त्याच दगडात मावळच्या शरदाचा फार जुना दस्तऐवज कोरलेला आहे.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तो लेख. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. त्यात करजिक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. दान कशासाठी, तर वालुरक इथल्या लेण्यांमध्ये वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी, आणि तेही पंथ किंवा मूळ न पाहता. वालुरक म्हणजे आजचं कार्ले. वर्षावास म्हणजे पावसाळ्यात भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहणं. आषाढ पौर्णिमेनंतर सुरू होऊन तो आश्विन पौर्णिमेला संपतो. त्या दिवशी भिक्षू एकमेकांसमोर बसून वर्षावासात आपल्याकडून काही चुकलं असल्यास दाखवून द्या, अशी विनंती करतात. त्याला प्रवारणा म्हणतात. मग त्यांना नवी वस्त्रं मिळतात आणि वाटा पुन्हा सुरू होतात. ज्या पौर्णिमेला आज लोणावळ्याच्या गच्चीवर मसाला दूध आटतं, तीच ही तिथी. कोजागिरी आणि प्रवारणा यांचा एकमेकांशी धागा जोडायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही. दोन्हीमागचं हवामान मात्र एकच आहे. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी घाटातून कोकणच्या बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापारी वाटांजवळ खोदलेली. पावसात या वाटा बंद आणि आश्विनात खुल्या.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनातही हीच वाट आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या लष्कराचा शिरस्ता नोंदवला आहे: पावसाळ्यात फौजेने छावणीला यावं आणि दसरा होताच कूच करावं. नद्या उतरलेल्या, घोड्यांना गवत मुबलक, वाटा कोरड्या होत आलेल्या. सुरतेची १६७० मधली दुसरी लूट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली आहे. शिलंगणाचं सोनं घेऊन निघणाऱ्या त्या फौजेत मावळे होते, म्हणजे याच खोऱ्यांमधले भात पिकवणारे शेतकरी. इथे एक प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत फारसा विचारलेला दिसत नाही. दसऱ्याला घरचा कर्ता माणूस मोहिमेवर गेला, आणि भात तर अजून खाचरात उभा. मग कापणी कुणी केली? उत्तर उघड आहे. घरातल्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी. आजही मावळात कापणीच्या खाचरावर नजर टाकली तर वाकलेल्या पाठींमध्ये बायकांच्या पाठी जास्त दिसतात. पुरुष तळेगाव-चाकणच्या कारखान्यात पाळीवर गेलेला असतो.

सोनं म्हणून वाटायचा तो आपटा सह्याद्रीच्या पानझडी जंगलातलं छोटं, वेडंवाकडं झाड. त्याची जोडपानं लहान आणि जाडसर असतात. बाजारात त्याच्या नावावर पुष्कळदा कांचनाची पानं खपतात. ती मोठी आणि मऊ असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोणावळा-तळेगावच्या बाजारात फांद्यांचे ढीग पाहिले की वाटतं, एक पान द्यायचं तर अख्खी फांदी कशाला मोडायची? शेजारी विकला जाणारा झेंडू तरी लागवडीचा असतो. झेंडूच्या माळेशिवाय दसरा ओळखू येणार नाही, इतका तो आपला झाला आहे; मुळात तो मेक्सिकोकडचा.

दसऱ्याच्या मुहूर्तावर काम सुरू करण्याची रीत या भागात संस्थांनीही पाळली. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं ते १९२४ च्या विजयादशमीला. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासणारी ही अगदी आरंभीची संस्था. मावळच्या पूर्व वेशीवर देहूरोडला दसऱ्याला वेगळी गर्दी असते. तिथल्या विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. पुढे १९५६ मध्ये त्यांनी नागपुरात धम्मदीक्षेसाठी विजयादशमी निवडली, तेव्हापासून परिसरातल्या बौद्ध कुटुंबांसाठी हा दिवस त्या विहाराकडे जाण्याचाही झाला.

कोजागिरीला लोणावळ्याच्या गच्च्यांवर पर्यटक असतात आणि गावात घरची माणसं. दूध, साखर, केशर, चारोळ्या यांची वर्णनं पुष्कळ झाली आहेत. त्याच दिवसाचा एक घरगुती विधी मात्र शहरातून निसटत चालला आहे. या पौर्णिमेला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. त्याला आश्विनी करणं म्हणतात. मोठेपणाच्या नावाखाली वर्षभर धाकट्यांसाठी पदरमोड करणाऱ्या पोराला एक दिवस पाटावर बसायला मिळतं, नवा कपडा मिळतो. चाळीस-पन्नाशीच्या माणसालाही त्याची आई असेल तर ती ओवाळते. याच पौर्णिमेपासून गावोगावच्या देवळांत पहाटेचा काकडा सुरू होतो आणि तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर चालतो. तोवर पहाटे गारवा आलेला असतो. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन चटका देतं, कारण ढग गेलेले, वारा पडलेला आणि जमिनीतली ओल वाफ होऊन वर येत असते. त्याच निरभ्र आकाशामुळे रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते.

या गार रात्रींवर मावळचा तांदूळ उभा आहे. सुवासिक भाताचा वास ज्या द्रव्यातून येतो ते दाणा भरण्याच्या काळात हवा थंड असली की चांगलं टिकतं. मावळ-मुळशीचा जुना मानकरी म्हणजे आंबेमोहोर. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास देणारा, बुटक्या दाण्याचा, मऊ. पण त्याचं रोप उंच आणि कमजोर. परतीच्या पावसाचा एक फटका बसला की आडवं. उत्पन्नही कमी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची प्रसिद्ध बुटकी जात आयआर ८ यांचा संकर करून नवी जात तयार झाली आणि १९८७ मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती आली. तिला नाव मिळालं या तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचं, इंद्रायणी. आज पुण्या-मुंबईच्या घरात ‘इंद्रायणी’ म्हटलं की पहिल्यांदा नदी आठवते की भात, हे विचारून पाहण्यासारखं आहे. तो शिजवलेला थोडा चिकट, गोडसर लागतो. मोकळ्या भाताचे भोक्ते त्याला नावं ठेवतात आणि मावळकर त्यांना कोलमवाले म्हणून सोडून देतात.

कापणी ही अजून बरीचशी हाताचीच गोष्ट आहे. खाचरं लहान, बांध उंचसखल, जमीन ओली. मोठं यंत्र तिथे फिरत नाही. विळ्याने कापलेल्या भाताच्या मुठी दोन-तीन दिवस खाचरातच वाळू देतात. या दोन-तीन दिवसांत पाऊस आला तर लोंब्यांना कोंब फुटतात आणि वर्षाची मेहनत जाते. म्हणून मनुष्यबळ लागतं ते एकदम आणि झटपट. जुना उपाय इर्जिक: आज सगळ्यांनी एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या, मजुरी नाही, ज्याचं काम त्याच्याकडे जेवण. घरटी माणसं कमी झाली आणि रोजंदारी वाढली तसं इर्जिकीचं प्रमाण घटलं, पण भावकीत कामाच्या बदल्यात कामाची सावड अजून चालते. वाळलेल्या पेंढ्या खळ्यावर आणून लाकडी बाजेवर किंवा दगडावर झोडपतात. मग वाऱ्याच्या दिशेला उभं राहून उफणणी. वाऱ्याची जागा आता विजेच्या पंख्याने घेतली आहे, आणि पंखा लग्नातल्या मंडपवाल्याकडूनही भाड्याने येतो.

दिवाळी या सगळ्याच्या मधोमध येते. वसुबारसेला गाय-वासराची पूजा. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका गाईचं दूध आणि गहू वर्ज्य करतात, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं, गरम पाणी आणि अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फुटणारं कडू कारीट. पाडव्याला काही घरांसमोर शेणाचे पांडव आणि गवळणी मांडलेल्या दिसतात. लक्ष्मीपूजनाला कोरी केरसुणी पूजली जाते, आणि चार महिन्यांची ओल व बुरशी काढून दमलेल्या बाईला तिचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही.

फराळातला खरा मावळी पदार्थ कोणता, यावर वाद होऊ शकतो. भाताच्या मुलखात अनारसा निवडला तर फारसं कुणी भांडणार नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे, आणि पुरते वाळायच्या आत, दमट असतानाच कुटून चाळायचे. त्या पिठात गूळ मळून गोळे डब्यात भरून ठेवायचे, चार-सहा दिवस. भिजवण्यात आणि मुरण्यात हलकं आंबणं होतं, दाणा आतून भुसभुशीत होतो, आणि त्यातूनच तळताना जाळी पडते. खसखशीवर थापलेला अनारसा मंद तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवायचं. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल पडलं की तो कढईत विरघळून पसरतो. त्याला अनारसा हसला म्हणतात, आणि हसणाऱ्या अनारशापुढे भल्याभल्या सुगरणी रडकुंडीला येतात. यात एक गंमत आहे. घराबाहेर नव्या भाताची रास पडलेली असते, पण अनारशाला तो चालत नाही. नव्या तांदळात ओल जास्त आणि चिकटपणाही जास्त. पीठ हसण्याची शक्यता वाढते. म्हणून गेल्या वर्षीचा तांदूळ मुद्दाम राखून ठेवतात.

पोरांची दिवाळी अंगणाच्या कोपऱ्यात चालते. दगड, विटा, गोणपाट, त्यावर चिखल, आणि वर अळीव किंवा मोहरी पेरायची. अळिवाच्या बियांभोवती ओल्या झाल्यावर बुळबुळीत थर येतो. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून गडाच्या उभ्या कड्यावरही चार दिवसांत हिरवळ येते. महाराष्ट्रभर मुलं किल्ले करतात. मावळातल्या मुलाला फक्त मान वर करावी लागते: लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, पलीकडे राजमाची. लोहगडाची माची लांबट, चिंचोळी आणि शेवटाला जरा वळलेली, म्हणून तिचं नाव विंचूकाटा. ती मातीत उतरवणं कठीण, आणि जमली की शेजारच्या आळीतली पोरंही बघायला येतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. शेजारचा विसापूर त्याच्यापेक्षा ऐसपैस असूनही त्या यादीत नाही. खरं तर १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि मग लोहगड टिकवणं अशक्य होऊन तो सोडावा लागला. गडांच्या या मुलखाची भूल पडलेले गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्यात राहिले; ‘पवनाकाठचा धोंडी’ ही त्यांची कादंबरी तुंगाच्या हवालदाराच्या घराण्याची आहे.

लोणावळा शहरातल्या घरांची दिवाळी मात्र वेगळ्या घड्याळावर चालते. पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून मुंबईशी जोडली गेली, तेव्हापासून हे गाव पाहुण्यांचं झालं. दिवाळीची सुट्टी म्हणजे चिक्कीच्या दुकानदाराचा, हॉटेलातल्या आचाऱ्याचा, बंगल्याच्या माळ्याचा आणि रिक्षावाल्याचा ऐन धंद्याचा आठवडा. बंगला सांभाळणाऱ्या कुटुंबाचं अभ्यंगस्नान पाहुण्यांच्या चहाच्या आधी उरकलेलं असतं आणि भाऊबीज बहुतेक वेळा पाहुणे गेल्यावर, पुढच्या सोमवारी-मंगळवारी होते. चिक्कीच्या भट्टीवर गुळाचा पाक दिवसभर उकळतो. ऑक्टोबरात शेंगदाण्याचा नवा माल बाजारात येतो, तो याच गर्दीला उपयोगी पडतो.

दिवाळीच्या रोषणाईचा मावळशी आणखी एक संबंध आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांत साठलेलं पावसाचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज तयार केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. आश्विनात हे तलाव तुडुंब असतात. पुढच्या मुळशी धरणात त्याच कामासाठी आंबेमोहोर पिकवणारी खाचरं बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. कातकरी आदिवासींच्या वस्त्यांत दिवाळीचा अर्थ आणखी निराळा आहे. सण झाला की बरीच कुटुंबं बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर निघतात आणि पाऊस जवळ आल्यावर परततात. त्यांच्या मुलांची शाळा दिवाळीनंतर सुटते ती अनेकदा त्याच वर्षासाठी. इतरांचा बाहेर पडण्याचा ऋतू आनंदाचा असतो. यांचं बाहेर पडणं पोटासाठीचं आहे.

कार्तिक लागला की खाचरं रिकामी होऊ लागतात. जमिनीत ओल असेपर्यंत घाई करून हरभरा, मसूर, पावटा टाकतात. त्यांना वेगळं पाणी फारसं द्यावं लागत नाही, भाताची उरलेली ओल आणि रात्रीचं दव भागवतं. दारात तुळशीचं लग्न लागतं, उसाचा मांडव, चिंचा-आवळे, अंतरपाट. त्याच सुमारास कोकणातून दिंड्या बोरघाट चढून वर येतात. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत पोचायचं असतं. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली ती त्यानंतरच्या त्रयोदशीला. लोणावळा, कार्ले फाटा, कामशेत, वडगाव असा जुन्या महामार्गाच्या कडेने हा ओघ चालतो, एका अंगाला टाळ-मृदंग आणि दुसऱ्या अंगाला ट्रक. इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ उगम पावून देहूवरून आळंदीला जाते, दिंड्याही साधारण तिच्याच सोबतीने उतरतात.

रस्त्याकडेच्या गावांत दिंडीच्या मुक्कामाची घरं आणि देवळं ठरलेली आहेत, बऱ्याच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या. पंगतीला इंद्रायणीचा भात असतो, तोही नुकताच गिरणीतून आलेला. नवा तांदूळ पाणी कमी मागतो आणि चटकन गिचका होतो, हे माहीत असलेली घरातली एखादी म्हातारी चुलीपाशी उभी राहून आधणाचं पाणी स्वतः मोजून घालते, आणि कोकणातले वारकरी, भाताच्याच मुलखातले, तो चांगला झाला आहे की नाही हे पहिल्या घासाला सांगतात.